जुलैची उरलेली बेरीज

१ जुलै
लाँचमधून सामान सुखरूप उतरलं. तांदूळ वीस किलो, डाळ पाच, साखर तीन, रॉकेल दहा लिटर, दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि देव. देव मी मांडीवर घेऊन आले. भाडं दीडशे, हमाली चाळीस. हमाल साठाला अडून बसला होता, तेव्हा ट्रंकेचं एक टोक मीच धरलं.

घर बेटाच्या टोकाला, दोन खोल्यांचं, दगडी. तिन्ही बाजूंना समुद्र. यांचं काम सुखाचं आहे: अंगणातल्या पर्जन्यमापकाच्या बाटलीतलं पाणी रोज साडेआठला मोजपात्रात ओतायचं, आकडा नोंदवहीत लिहायचा, महिनाअखेर बेरीज कळवायची. एवढ्यासाठी पगार! देवाची कृपा, दुसरं काय.

भिंतीवर चाळीस वर्षांच्या पावसाचा तक्ता आहे. बाकीचे महिने कमीजास्त, पण जुलैखाली दरवर्षी ९०० मिलिमीटर. एकाही वर्षी फरक नाही. हे म्हणाले, सरासरी मांडली असेल. लाँचवाला हसला. म्हणाला, वहिनी, इथला जुलै म्हणजे सरकारी नोकर, ठरल्यापेक्षा थेंबभर जास्त द्यायचा नाही. आता लाँच पुढच्या एक तारखेला.

२ जुलै
विहीर खारट निघाली. गोडं पाणी वीस मिनिटांवरून डोक्यावर आणायचं. पिण्यापुरतं ठीक, पण देवाला विहिरीच्या मचूळ पाण्याने अंघोळ घालायला मन धजेना. सहाला उठून अंगणात गेले, तर बाटलीत निवळशंख पाणी. कुणाचा हात न लागलेलं, थेट आभाळातून आलेलं. एक फुलपात्र भरून घेतलं. यांना बोलले नाही. समुद्रातून ओंजळ उचलली म्हणून समुद्र आटतो का?

१९ जुलै
पाऊस आता अंगवळणी पडला. पहाटे दणक्यात येतो, दुपारी वारा सुटतो, दिवेलागणीला पुन्हा बारीक लागतो. मिठाचं पाणी झालं, कपड्यांना कुबट वास. हे मात्र काळजीत आहेत. किनाऱ्यावर सगळीकडे भरपूर पडतोय, आपलाच आकडा रोज थोडा मागे का, असं ऑफिसने विचारलंय. मी म्हटलं, आभाळाचा दोष तुमच्या माथी कशाला? हे म्हणाले, साहेबांना आभाळावर डाफरता येत नाही ना.

२८ जुलै
यांना ऑफिसात बोलावलं. मासेमाराच्या होडीतून गेले. नोकरीवर गदा येईल असं वाटतंय त्यांना. निघताना म्हणाले, बदली झाली तर मी परत येत नाही, तूच एक तारखेच्या लाँचने ये, ट्रंक भरून धक्क्यावर थांब. आणि वही तूच लिही, तुझा हिशेब माझ्यापेक्षा पक्का.

३१ जुलै
बेरीज केली. ७५०. तीनदा केली.

मग मनात चरकलं. फुलपात्रभर पाणी मोजपात्रात ओतून पाहिलं. बरोब्बर पाच मिलिमीटर. रोज एक, आजचं धरून तीस दिवस. दीडशे.

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती! पुण्य जोडायला निघाले आणि यांच्या पोटावर पाय आणला. उद्या लाँचने जाऊन साहेबांपुढे खरं सांगणार. देवाचीही माफी मागितली.

३२ जुलै
नऊपासून पाचपर्यंत ट्रंक घेऊन धक्क्यावर बसले. लाँच आली नाही. समुद्र तर ताटात ओतल्यासारखा शांत. सकाळी पाऊस पडलेला मी ऐकला, पण बाटली कोरडी होती.

३३ जुलै
आजही लाँच नाही. काल मी वर '१ ऑगस्ट' लिहिलं होतं. आता पाहते तर '३२ जुलै'. अक्षर माझंच. आज '२ ऑगस्ट' लिहायला गेले, हात वळेना.

३४ जुलै
जुन्या नोंदवह्या काढल्या. एका वर्षीच्या जुलैत एकतीसच्या खाली बारीक अक्षरात ३२, ३३, असं ४७ पर्यंत लिहिलंय. तिथे बेरीज नऊशे होते. मग १ ऑगस्ट.

म्हणजे नऊशे भरल्याशिवाय इथला जुलै सरत नाही. ठीक आहे. मी घेतलेलं मीच भरून देईन. तांदूळ आहे, नामस्मरण आहे. बाटलीला मी हात लावणार नाही.

३६ जुलै
बाटली पुन्हा कोरडी. पहाटे पाऊस लागतो, थोडाच, मोजून पाच मिलिमीटरचा वाटतो. कुणीतरी माझ्याआधी नेतं.

३७ जुलै
साडेपाचला उठले. दाराला बाहेरून कडी. इथल्या मोकाट कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून अंगणात जाताना मी लावते, तशी. खिडकीतून पाहिलं. पर्जन्यमापकाशी एक बाई वाकलेली. पाठमोरी. हिरवं लुगडं, खांद्यावर ठिगळ. ते ठिगळ मी लावलंय.

थोड्या वेळाने कडी निघाली. धावत गेले. अंगणात कुणी नाही. माझं लुगडं आत दांडीवर, कोरडं.

३९ जुलै
फुलपात्र खडकावरून समुद्रात भिरकावलं. देवघरातलं भांडं. क्षमा कर रे बाबा.

४० जुलै
तिच्या हातात तेच फुलपात्र. स्तोत्र पुटपुटते, तिसऱ्या ओळीत मी अडखळते तिथेच अडखळते. मी खिडकीवर थापा मारल्या. ती वळली —
नाही. ते लिहायचं नाही.

४४ जुलै
बेरीज ७५०. काल ७५०. उद्याही —
रात्रभर दाराशी बसले. डोळा लागला नव्हता, शपथ. तरी कडी बाहेरून.

४५
ओरडून म्हटलं, बाई, एक दिवस नको नेऊ, मला यांच्याकडे जायचंय. ती आत पाहून हसली. म्हणाली, अगं, समुद्र आटतो का?

—
आज तिने कडी काढली नाही.

लाँचचा भोंगा. खरंच लाँच. खिडकीतून धक्का दिसतो. ती माझी ट्रंक घेऊन उभी आहे, एक टोक स्वतः धरलंय, हमालाशी घासाघीस चाललीय. लाँचवाला म्हणतोय, चला वहिनी, बदली झाली तुमची, तुमचे यजमान तिकडे वाट बघून थकले. बसली. माझ्यासारखाच पदर खोचून बसली.

हाका मारतेय. माझ्याच कानांना नुसता पाऊस ऐकू येतो.

अहो, ही पानं फाडून गजांतून टाकते आहे. कुणाला सापडली तर तुम्हाला पोचवील. मी इथेच आहे. मी निघालेलीच नाही. तिला घरात घेतलंत का, तेवढं उलट टपाली कळवा, म्हणजे मी निदान