तिन्ही वेळा आठ पूर्णांक तीन

तीर्थस्वरूप वन्सं,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण एकदा खाली गेलं की वर यायला हल्ली माणूस लागतं, आणि घरातलं एकमेव माणूस म्हणजे तुमचे बंधू. ते कालपासून माझ्यासमोर यायचं टाळताहेत. का, ते ओघाने येईल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं त्यांच्याकडून कळलं. आता दुसराही उरकून घ्या. एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने धूसर दिसत असेल तर माणसांबद्दल दोन-दोन मतं होतात, आणि तुमचं एकच मत पुरेसं असतं. माझी तब्येत बरी आहे. रक्तदाब थोडा वर गेलाय, त्याचं कारण रसायनशास्त्र.

बरोबर वाचलंत, नव्या डोळ्याचा दोष नाही. गेले अकरा आठवडे मी कॉलेजचा रसायनशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम ऑनलाइन करते आहे. तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं, कारण तुम्ही तीस वर्षं हाच विषय शिकवलात, आणि मी त्याबद्दल तोंड उघडलं की तुमच्या चेहऱ्यावर जी दया येते ती फोनवरूनसुद्धा ऐकू येते. मी का करते आहे म्हणाल तर कारण साधं आहे. रंगाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी तपासणी खात्याचे अहवाल टाइप केले. सल्फ्युरिक ॲसिडमधला दोन आणि चार खाली उतरवायचे म्हणजे टाइपरायटरचा रोलर अर्धा दात फिरवायचा, अंक मारायचा आणि परत अर्धा दात मागे आणायचा. हे मी इतक्या वेळा केलं की पुढे संगणक आल्यावरही माझा डावा हात हवेत रोलर फिरवायचा. (नवीन आलेल्या साहेबांना ती व्याधी वाटली होती.) पण तो दोन तिथे का बसलाय, तीन का नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या सगळ्या साहेबांत धड वाक्य लिहिता येणारा एक नव्हता, आणि ज्यांचं व्याकरण मी रोज सुधारत होते त्यांना प्रश्न विचारणं मला कमीपणाचं वाटे. निवृत्त झाल्यावर ठरवलं की तो दोन समजून घ्यायचा. आता समजला आहे. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं तर पहिला अपमान पहिल्याच दिवशी झाला. ती वेबसाइट मला अगंतुगं करते. ‘शाब्बास, तू सलग तीन दिवस अभ्यास केलास, हा घे तारा.’ मी कार्यालयाला पत्र लिहिलं की सदुसष्ट वर्षांच्या बाईशी यंत्राने निदान अहोजाहो करावं. उत्तर आलं, ‘तुझी सूचना आम्हाला मिळाली.’ वर्गात दोनशे बारा विद्यार्थी आहेत म्हणे. दिसतात फक्त चौकोन, आणि चौकोनांत बहुतेकांनी स्वतःऐवजी मांजर लावलेलं असतं. सर तरुण आहेत, मागे पुस्तकांचं भरलेलं कपाट असतं. ते कपाट म्हणजे चित्र आहे हे मी चौथ्या आठवड्यात ओळखलं, कारण त्यातलं एकही पुस्तक कधी जागचं हललं नव्हतं आणि सरांचा कान अधूनमधून कपाटात जायचा. प्रश्न विचारायचा असेल तर पडद्यावर एका पिवळ्या हाताचं चित्र आहे, ते दाबायचं. मी दुसऱ्या आठवड्यात दाबलं. ते खाली कसं घ्यायचं हे मला सापडलं नाही. त्यामुळे माझा हात नऊ आठवडे वर आहे. प्रत्येक तासाला सर आधी मला विचारतात, ‘हं, मॅडम, बोला.’ काहीच नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी प्रत्येक तासाला एक प्रश्न तयार करून जाते. माझी प्रगती झाली असेल तर ती त्या हाताने झाली आहे. मांजरांना मात्र मी आवडत नाही.

आता मूळ प्रकरण. आठव्या आठवड्यात घरी खोकं आलं. त्यात प्लास्टिकचा उभा ब्युरेट, तळहाताएवढा वजनकाटा, सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली, थेंब टाकायचं सूचक आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा. (तो चष्मा तुमच्या बंधूंनी कांदा चिरताना वापरून पाहिला आणि अजून परत केलेला नाही.) प्रयोग असा, की स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये आम्ल किती टक्के आहे ते शोधायचं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही हे झोपेत केलं असेल. व्हिनेगरमध्ये सूचकाचे दोन थेंब घालायचे, वरून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडायचं, फिका गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. तीनदा करायचं आणि तिन्ही नोंदी पाठवायच्या. माझ्या व्हिनेगरच्या बाटलीवर ठसठशीत छापलेलं आहे, पाच टक्के. मी आधी गणित केलं. पाच टक्क्यांसाठी आठ पूर्णांक तीन मिलिलिटर लागायला हवं. प्रयोग केला तर सहा पूर्णांक सातलाच गुलाबी. पुन्हा केला, सहा पूर्णांक आठ. पुन्हा, सहा पूर्णांक सात. असं चौदा वेळा केलं. दोन दिवस घरात कोशिंबिरीला व्हिनेगर नाही, ओट्यावर जागा नाही, आणि जेवणाला मी नाही.

इथे तुम्ही म्हणाल की मग सहा पूर्णांक सात लिहून मोकळी का झाली नाहीस. वन्सं, तुम्ही साध्या शाळेत शिकलात, तुम्हाला ते सुचेल. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये रसायनशास्त्राच्या सिस्टर प्रयोगाच्या आदल्या दिवशीच फळ्यावर उत्तर लिहून द्यायच्या, म्हणजे मुली भलत्या वाटेला जाणार नाहीत. ते उत्तर आलं नाही तर दोष बाटलीचा नसायचा, हाताचाही नसायचा, चारित्र्याचा असायचा. उत्तर येईपर्यंत करायचं, आणि आलं की तेवढंच वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचं. खाडाखोड दिसली की पान फाडायचं. माझ्या दोनशे पानी वहीत शाळा संपताना एकसष्ट पानं उरली होती, पण काय पानं होती. आता जी बाई चार मुलींसमोर अशी घडली, तिने छापील बाटलीला खोटं कसं ठरवायचं? म्हणून पंधराव्या वेळेला मी गुलाबी रंगाकडे लक्ष न देता सरळ आठ पूर्णांक तीनपर्यंत सोडत गेले. रंग गुलाबीचा जांभळट झाला. सोळाव्या आणि सतराव्या वेळेला तसंच. त्या तीन नोंदी वहीत उतरवल्या, फोटो काढला, पाठवला. आधीच्या चौदा नोंदी वीजबिलाच्या मागे होत्या, त्या तिथेच राहू दिल्या.

मंगळवारी प्रामाणिकपणा समितीचं पत्र आलं. (अशी समिती असते. आमच्या वेळी ते काम एकट्या सिस्टर बघायच्या आणि जेवायच्या सुट्टीत उरकायच्या.) पत्रात लिहिलं होतं, की माझ्या तिन्ही नोंदी दशांशापर्यंत तंतोतंत सारख्या आहेत, त्या प्रयोग न करता रचल्याचा संशय आहे, आणि खुलासा समाधानकारक नसेल तर माझं नाव अभ्यासक्रमातून कमी करून तशी नोंद ठेवली जाईल. रचल्याचा. मी दोन दिवस ओट्याशी उभी राहून पायांना सूज आणली ती कशासाठी? मी तडक सरांशी व्हिडिओवर बोलले. सर शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, निसर्ग तीनदा तोच आकडा देत नाही.’ मी म्हटलं, निसर्गाला शिस्त नसेल तर शिक्षा मला का? आणि मी रचलेलं नाही, तिन्ही वेळा मी खरोखरच तिथे थांबले. त्यावर सरांनी विचारलं, ‘का थांबलात तिथे?’ मी म्हटलं, उत्तर तिथे होतं म्हणून. तेव्हा ते बोलले ते मला झोंबलं. ते म्हणाले, ‘मग तुम्ही मोजलं नाही, तुम्ही टाइप केलं.’

त्यांना माझी नोकरी माहीत नाही, त्यामुळे टोमणा नव्हता. म्हणूनच जास्त लागला.

समितीचं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. मग बाटलीवरच्या पाच टक्क्यांचं सांगितलं तसे तुमचे बंधू वरण-भात गिळायचे थांबले. ‘कुठली बाटली? ती कपाटातली?’ मी म्हटलं, घरात दुसरी कुठली आहे. तर म्हणाले, ‘त्यात मी थोडं पाणी घातलं होतं.’ त्यांनी म्हणे किटलीतला पांढरा थर काढायला व्हिनेगर वापरलं, आणि मला कळू नये म्हणून बाटली भरून ठेवली. थोडं म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाले, ‘आधी होती तेवढी दिसेल इतकं.’ एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठकुठल्या बाटल्या आधी होत्या तेवढ्या दिसतात याचा मी आता विचार करत नाही. मी ताटावरून उठले, वीजबिल उलटं केलं आणि चौदा नोंदींची सरासरी काढली. त्या हिशोबाने बाटलीचा पाचवा हिस्सा पाणी. साडेसातशेची बाटली, म्हणजे जवळपास दीडशे मिलिलिटर. मग त्यांचा चहाचा कप काट्यावर ठेवून काठोकाठ पाण्याने भरून मोजला. एकशे अठ्ठेचाळीस.

वन्सं, मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. नवऱ्याने मागच्या महिन्यात माझ्या पाठीमागे किती कप पाणी ओतलं हे मी थेंब मोजून शोधलं होतं, आणि ते शोधलं आहे हे मला माहीतच नव्हतं. चौदाच्या चौदा नोंदी खऱ्या होत्या. खोट्या होत्या त्या वहीतल्या तीन, सुवाच्य अक्षरातल्या. बाटलीवर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर नाही. वीजबिलाचे दोन्ही बाजूंचे फोटो समितीला पाठवले आहेत. शुक्रवारी दुपारी सुनावणी आहे. नाव कमी झालं तर शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही, आणि मला बसायचं आहे. तारा नको, पण परीक्षा हवी. तुमचे बंधू साक्ष द्यायला तयार आहेत, पण एकाच घरातला माणूस चालत नाही असा नियम आहे, आणि चालत असता तरी पाणी घातलेला साक्षीदार मी नेला नसता.

असो. डोळ्यात थेंब वेळेवर घाला. वाकू नका, जड उचलू नका, आणि इतकं लांबलचक पत्र एका बैठकीत वाचू नका.

तुमची भावजय

ता. क. सोबत एक फॉर्म आहे. माझा प्रामाणिकपणा ओळखणाऱ्या, मला दहा वर्षांहून अधिक पाहिलेल्या आणि शक्यतो शिक्षकी पेशातल्या व्यक्तीने तो भरून शुक्रवारी सकाळी दहाच्या आत पाठवायचा आहे. अशी व्यक्ती माझ्या ओळखीत एकच आहे. पहिल्या तीन प्रश्नांना फक्त खूण करायची आहे. चौथा असा आहे, की या व्यक्तीने तुमच्याशी कधी खोटं बोलल्याचं तुम्हाला माहीत आहे का.

ता. क. दुसरा. इथे मी आधी लिहिलं होतं, की फॉर्म भरून पाठवा आणि मगच याच्या खालचं वाचा. म्हणजे तुम्ही ‘नाही’ असं मनापासून लिहिलं असतंत. ते पान फाडलं. (एकसष्टमधून आणखी एक गेलं असं समजा.) बावीस वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं तेव्हा तुमच्या टिपणांच्या चार निळ्या वह्या आमच्या माळ्यावर होत्या. त्या वाळवीने खाल्ल्या असं मी तुम्हाला सांगितलं. त्या घरात वाळवी नव्हती. मी त्या रद्दीत दिल्या. आदल्या दिवशी सामान बांधताना तुम्ही बाहेरच्या खोलीत सगळ्यांना म्हणालात, ‘तिला काय कळतंय, ती नुसती टाइप करते,’ आणि मी स्वयंपाकघरात कपबशा कागदात गुंडाळत होते. देण्याआधी पहिली वही उघडून पाहिली होती. एक ओळ कळली नाही. कळली असती तर बहुतेक दिल्या नसत्या.

ता. क. तिसरा. चौथ्या प्रश्नाखाली खुलाशासाठी चार ओळी सोडल्या आहेत. मी टाइप करून पाहिलं, वह्यांचं सगळं तीन ओळींत बसतं. चौथीत तुम्हाला माझ्याबद्दल जे लिहायचं असेल ते लिहा. फक्त दहाच्या आत पाठवा.