चोरीचा मोगरा

आय, हे मी सांगतेय आणि तुझी पणती लिहितेय. माझ्या थोरल्या लेकाची मुलगी, नववीत आहे, जन्मली मस्कतलाच. तिचं मराठी माझ्या इथल्या पहिल्या मेथीसारखं, दहा दाण्यांत तीन उगवलेले. मध्येच पेन उचलते आणि म्हणते, "आजी, स्लो ना! हा वर्ड कसा लिहायचा?" मला विचारते! मला तर सगळी अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी दिसतात. चुकेल तिथे तिची आई नीट करील. तू काळजी करू नकोस, तुला तरी कुठे वाचता येत होतं.

सांगायचं ते असं की, आज सकाळी माझ्या डब्यात मोगरा फुलला. आणि त्याच्यामागे एक जुनं भांडण आहे, तुझं नि माझं. माझ्या लग्नाच्या दिवशी तू मला मोगऱ्याची एक फांदी दिली नाहीस. पन्नास वर्षांच्या वर झाली, मी ते विसरले नाही. तू गेलीस तेव्हाही मी रडले, पण रडताना फांदी आठवत होती.

आधी इथली बाग ऐक. लेकाने इथे मस्कतात, बौशरला, भाड्याने घर घेतलंय. मागे चार पावलांचं अंगण, खाली नुसती खडी. म्हणून माझी वाडी रंगाच्या रिकाम्या डब्यांत आणि दह्याच्या बादल्यांत. पहिल्या वर्षी मी शहाणी, मिरगाला पेरलं. वसईची बाई, दुसरं काय करणार? भेंडी, दोडका, सगळं मुठीने टाकलं आणि आभाळाकडे बघत बसले. लेक म्हणाला, "आई, इथे वरून फक्त ऊन पडतं." गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापतं की नळाखाली हात धरवत नाही. मी तेच घातलं. उगवायच्या आधीच भाजी शिजवणारी मी पहिलीच असेन.

मग शिकले. तिकडे आगेऱ्याला, ऑक्टोबरातल्या सुगीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात ना, त्याच आठवड्यात मी इथे पेरते. तिकडची कापणी, माझी पेरणी. नाताळला टोमॅटो लाल होतात, उपासकाळात वालाच्या शेंगा, ईस्टर झाला की सगळी झाडं तोंड पाडतात. मग मी जुन्या चादरी बांधून त्यांना सावली करते. एसीच्या नळीखाली बादली ठेवते, थेंब थेंब गार पाणी साचतं. सून विचारते, "आई, तुमच्या म्हशीने आज किती दूध दिलं?" मी म्हणते, पाच लिटर, आणि चारा तुझ्या नवऱ्याच्या विजेच्या बिलात. मवालेहच्या बाजारात नेतात तेव्हा मी पुदिन्याची जुडी उलटी करून मुळं बघते. भाजीवाल्याला वाटतं म्हातारी फार चिकित्सक आहे. मला खायचा नसतो, लावायचा असतो.

सगळं लागलं, मोगरा तेवढा नव्हता. तो होता भिंतीपलीकडे, घरमालकाच्या आईच्या अंगणात. माझ्याच वयाची, काळा बुरखा, हातात सदा कॉफीची चोचवाली किटली. तिचं हिंदी माझ्या हिंदीएवढंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं. तिच्या मोगऱ्याचा वास संध्याकाळी भिंत ओलांडून यायचा आणि मी चहा तसाच ठेवून बसायचे. ही पोरगी म्हणाली, "आजी, जस्ट आस्क हर ना!" मी म्हटलं, मागायचं नसतं ते. तूच शिकवलंस ना, दिलेलं रोप रुसतं, चोरलेलं तगतं. वसईला वाडीतल्या सगळ्या बाया एकमेकींच्या कुंपणातून फांद्या न्यायच्या आणि सगळ्यांना ठाऊक असायचं, कुणाचं काय कुणाकडे आहे.

तर एका सकाळी दोन अंगणांच्या मधल्या दारातून मी गेले, कात्री पदराखाली. फांदीला हात लावते न लावते तोच ती किटली घेऊन बाहेर आली. आय, मी मनात म्हटलं, लेकाचं घर जाणार, मालकाच्या आईच्या घरात चोरी! तिने कात्री बघितली. मोगरा बघितला. मला बघितलं. आणि मग गर्रकन पाठ फिरवली आणि रिकाम्या अंगणात टाळ्या वाजवून ओरडायला लागली, "यल्ला! यल्ला!" तिथे हाकलायला ना शेळी, ना कावळा. नुसती ओरडत राहिली, माझी फांदी कापून होईपर्यंत. जाताना मागे न बघता म्हणाली, "हम कुछ नहीं देखा."

मी फांदी घेऊन मधल्या दारात उभी राहिले. ती पाठ मी ओळखली, आय.

लग्नाची सकाळ. सगळे गाडीपाशी. तू परड्यातून कळ्या खुडून आलेली, ओंजळ अजून ओली. मी म्हणते, "आय, एक फांदी दे ना मोगऱ्याची." तू म्हणतेस, "मी काय नाय द्यायची. हात हायत ना तुला?" कोयती ओट्यावर ठेवतेस, माझ्यासमोर, मूठ माझ्याकडे करून. आत जातेस, चुलीपाशी बसतेस, दाराकडे पाठ. चुलीवर काहीच नव्हतं. विझलेल्या चुलीत तू फुंकणी घालून फुंकत होतीस. मी ते बघितलं आणि मला वाटलं, एका दिवसात मी परकी झाले. आईच्या घरात कुणी चोरी करतं का? मी ताठ मानेने गाडीत बसले. किती वेळ फुंकत बसली होतीस गं? गाडी वळेपर्यंत?

ती फांदी मी सगळा हिवाळा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, मग एसीच्या पाण्यावर. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "चोरी का बच्चा कैसा है?" मी म्हणायचे, जगेल, इन्शाल्ला. आज पहिलं फूल आलं, बारकं, एका बाजूने जळकं. मी ते खुडलं नाही. पोरीला म्हटलं, वास घे. ती म्हणाली, "नाइस." एवढंच येतं तिला. पण दोनदा परत जाऊन वास घेऊन आली.

हे पत्र पाठवायचं नाही, घडी करून ठेवायचं. पण पोरी, पेन ठेवू नकोस, एक राहिलंय. आय, लग्नानंतर महिन्याभरात मी बाजारातून मोगऱ्याचं रोप विकत आणलं आणि सासरी सगळ्यांना सांगितलं, माझ्या आयने दिलं. पावसाळ्यात ते कुजून मेलं. तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, तर मी म्हटलं, मनापासून दिलं नसेल तिने.