ग्रॅनाइटवर टेकताना

बाबा, तुम्हाला ग्रॅनाइट दाखवायचा राहूनच गेला. आपला सह्याद्रीचा कातळ दगाबाज, हाताशी येईल तो दगड आधी ठोकून बघायचा, पोकळ वाजला की सोडून द्यायचा, हे तुम्ही कानीकपाळी ओरडून शिकवलंत. इथे कॅलिफोर्नियात, सिएराच्या डोंगरात ठोकायला सुटा दगडच नाही हो! पायथ्यापासून आभाळापर्यंत एकच अख्खा, करडा, उन्हात चमचमणारा दगड. धरायला काही नाही, नुसते तळपाय उताराला चिकटवून उभं राहायचं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गाडीतून उतरले आणि दार लावायचंही विसरले.

गेल्या शनिवारी तुमच्या नातीनं मला त्यावर चढवलं. ती इथेच जन्मली, क्युपर्टिनोत वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, इतकी वर्षं आमचं हेच. ती आधी चढून वर जाऊन बसली, माझा दोर तिच्या हातात. अर्ध्यावर माझ्या पोटऱ्या लटपटायला लागल्या. तिला ते दिसलं असावं, कारण ती वरून बरंच काही ओरडली. त्यातला शेवटचा शब्द तेवढा वाऱ्यावर खाली आला. "टेक!"

आता तुमच्या लेकीनं काय करावं? किल्ल्यावर मी दमले की तुम्ही "टेक गं जरा" म्हणायचात आणि मी मुकाट बसायचे. तशीच टेकले! तिला म्हणायचं होतं, दमलीस की तू 'टेक' असं ओरड, मी दोर ओढून घेते, मगच बस. इथले चढणारे इंग्रजीत तसंच ओरडतात, 'टेक' म्हणजे दोर ओढून घे. दोर अजून ढिला होता. मी सर्रकन घसरले, वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात दोर ताणला गेला आणि मी लोंबकळत राहिले. पोरीनं धरलं होतं मला! खरचटलेल्या तळव्यांची आग होतेय, आणि समोर, काय सांगू बाबा, अख्खी दरी उघडी पडलीय. तळाशी पाइनची झाडं गवताएवढी, कड्यांवर ऊन, कुठे कसला आवाज नाही. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. भीती कुठल्या कुठे गेली.

"आई! आई, तू ठीक आहेस ना?" मराठीत. रडवेली झाली होती.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं मला. ती पुन्हा हाक मारेल म्हणून गप्प राहिले.