हिरव्या पाण्यावरचा वारा

४ मार्च
सकाळच्या गाडीने रोह्याहून पेण, पुढे रिक्षा. खाडीच्या तोंडाशी पाणी हिरवं झालंय! बारीक जिवांचा बहर. बघत उभी राहिले, रिक्षावाला वैतागला. खाडीकाठच्या काकींनी गच्ची दिलीय, तिथल्या हवा ओढणाऱ्या पंपात नवा फिल्टर लावला. हे जीव जगता-मरताना नत्र सोडतात, ते वाऱ्यावर चढतं, हवेतल्या कणांना चिकटतं. माझ्या फिल्टरच्या कागदावर उतरेल का? पंप पावसाआधी परत करायचाय. त्याआधी एक चांगला नमुना हवा, नाहीतर प्रबंधातलं समुद्राचं प्रकरण कोरं.

५ मार्च
फिल्टर काढला. गच्ची नेहमीसारखी लख्ख झाडलेली. काकींची माया. घरी फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवला. बाबा : "नत्र हवं तर युरियाची गोणी आणतो की."

१८ मार्च
गाइड सरांचा फोन, प्रयोगशाळेत पाठवलेल्या फिल्टरबद्दल. हिरव्या पाण्याच्या दिवशीच्या कागदावर अमाइनं, म्हणजे नत्राचीच संयुगं, भरपूर. "हे जिवांकडूनच आलंय. लिहायला घ्या." दिवसभर पाय जमिनीवर नाहीत. भात खाताना वाटलं, आपण सगळेच थोडा थोडा समुद्र श्वासात घेतोय, रोह्यात बसून. आईने दोनदा विचारलं, आमटी वाढू का.

१९ मार्च
राहवेना. फिल्टर बदलायचा नव्हता, तरी दुपारी गेले, नुसतं पाणी बघायला. जिना चढले आणि आधी वासच आला. पंपाच्या चारी बाजूंना जुन्या साड्या, साड्यांवर जवळा. गुलाबी, चमचमता, अगोटीसाठी, पावसाळ्याच्या बेगमीला सुकत घातलेला.
काकी खूश. "तुझी मशीन घूं घूं करते ना गो, कावला फिरकत नाय. संध्याकाली उचलते, सकाली तू येशील म्हणून झाडून ठेवते."
"हिरवं पाणी होतं त्या दिवशी पण?"
"व्हय तर. रोजच."
सुकत्या जवळ्यातून सुटतात तीही अमाइनंच. कठड्याला टेकून बसले. हसू आलं, मग रडू. काकी घाबरल्या, पाणी आणलं. मला समुद्रातलं हवं होतं, हे त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, "मंग जवला काय डोंगरातला हाय?"
समुद्रातलाच आहे हो काकी. पण मला साड्यांवरचा नको होता.

२० मार्च
सरांना सांगितलं. म्हणाले, "प्रकरण थांबवा." न सांगता चाललं असतं, कळलं कोणाला असतं? मला. वाईट वाटतंय, फार.

२५ मार्च
गच्ची रिकामी. काकींनी जवळा खाली अंगणात नेलाय. कावळ्यांची चंगळ. काकी काठी घेऊन बसतात, मिठागरावरून आल्या आल्या, पाठ दुखत असताना. म्हटलं, एवढं नका करू. "तुझा पेपर हाय ना गो?" त्यांच्या लेखी मी परीक्षेला बसलेय. बसलेच आहे म्हणा. पाणी मातकट.

३० मार्च
पाणी तसंच. वारा जमिनीकडचा, कुठेतरी शेतात राब भाजलेला, त्याचा धूर. येताना एसटीत डोळा लागला. स्वप्नात खाडी गच्चीपर्यंत आलेली, पंप हिरव्या पाण्यात घुमतोय, आणि मी कागद धरून उभी. कोलाडच्या वळणाचा गचका बसला तेव्हा जाग. रोहा कधीच मागे गेलं होतं.

६ एप्रिल
पाणी हिरवं! पहिल्याइतकं नाही, पण हिरवं. नवा फिल्टर, कोरा. काकींना म्हटलं, आज अंगणातलाही जवळा नको, वास वर येईल. त्यांनी सगळा अर्धवट सुकलेला जवळा टोपल्यांत भरला आणि जावेकडे नेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ओला राहिला तर सडेल. त्यांनाही माहीत, मलाही.
दुपारी वारा फिरला. पश्चिमेचा, खारट, गार. एकटीच होते गच्चीवर. तोंड उघडून उभी राहिले वेड्यासारखी.
काकींनी रस्त्यावरूनच हाक मारली, "आला काय गो तुझा वारा?"
"आला, काकी."

७ एप्रिल
फिल्टर काढला. काकींनी दोन्ही हात पदराला पुसले, मग बघायला वाकल्या. कागद पांढराच दिसतो. "ह्याच्यात हाय?" म्हणाल्या. म्हटलं, माहीत नाही. जावेकडच्या जवळ्याचं विचारायचं होतं, धीर झाला नाही.