खडबडीत टायर की गुळगुळीत?

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (सायकलवरून पडल्यापासून हा नमस्कार माझ्या अंगवळणी पडला आहे). तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. तुमची बहीण मजेत आहे आणि मी तिच्या मागून येतो आहे.

गुडघ्याने दगा दिल्यावर तुम्ही तुमची डोंगर चढणारी सायकल मोठ्या मनाने मला दिलीत. सायकल भक्कम आहे, तक्रार काहीच नाही. पण तिचे टायर पडले खडबडीत, चिखलातून आणि दगडधोंड्यांतून वर चढणारे, आणि मला जायचं असतं घरापासून कामावर, सरळसोट डांबरी रस्त्याने. त्या रस्त्यावर ते असे घोंघावतात की पुढची माणसं घाबरून बाजूला होतात, वळून बघतात, आणि ट्रकच्या जागी मी दिसलो की त्यांचा चेहराच पडतो. शिवाय पाय भरून येतात ते वेगळंच. तेव्हा टायर बदलायचे, इथपर्यंत माझं ठरलं आहे. कुठले लावायचे या प्रश्नाने मात्र माझी झोप, भूक आणि घरातली शांतता, तिन्ही घालवली.

आता तुम्ही म्हणाल, टायरसाठी एवढा जीव का टाकतोस? तर सांगतो. तुमच्या बहिणीच्या चष्म्याच्या दुकानाची नवी शाखा पुलापलीकडे निघते आहे आणि डोळे तपासायला तिची तिकडे बदली होणार आहे. आजवर आम्ही सकाळी आपापल्या सायकलवर बरोबर निघायचो, तिचं दुकान आधी लागायचं, मी पुढे जायचो. संध्याकाळी ती उशिरा येते, मी पेंगुळलेला असतो. आमचं जे काही बोलणं होतं ते सकाळी सायकलवर. भांडणसुद्धा तिथेच उरकतो. आता पेट्रोल पंपापाशी ती डावीकडे जाणार आणि मी उजवीकडे. दादा, मला हे अजिबात सहन होत नाही. म्हणून मी असं योजलं आहे की चांगले पळणारे टायर लावायचे, तिला पुलापलीकडे सोडायचं, आणि उलटं फिरून हजेरी लागायच्या आत माझ्या कामावरचं फाटक गाठायचं. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि तिने हेल्मेट घातलं.

(जरा थांबा. जिन्यात जाऊन मागचा टायर दाबून आलो. मऊ लागतोय का, हेच कळत नाही.)

सायकलवाल्याकडे गेलो, तर त्या माणसाला स्वतःचं मत म्हणून नाही. गिऱ्हाईक हातात जो टायर धरील तोच त्याला उत्तम वाटतो. गुळगुळीत उचलला तर म्हणाला, "वाऱ्यासारखे जाल साहेब." तो ठेवून मधे सपाट आणि कडेला दातेरी असलेला घेतला तर म्हणाला, "हाच! पाऊस असो, खडी असो, काळजी नाही." मी चुकून भिंतीवरची एक जुनी ट्यूब हातात घेतली तर तिचीही तारीफ सुरू झाली. शेवटी सगळ्यांत बारीक आणि गुळगुळीत जोडी घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी तिच्या दुकानासमोर, गटाराच्या जाळीच्या फटीत पुढचं चाक अलगद जाऊन बसलं आणि मी तसाच पुढे गेलो. काचेआड तिच्या सगळ्या मैत्रिणी होत्या. तिथे सगळ्यांनाच लांबचं स्वच्छ दिसतं.

मग मी माझ्या धंद्याला जागलो. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या प्रयोगशाळेत मी कपाटांची दारं, खण आणि खुर्च्यांची चाकं झिजेपर्यंत चालवून बघतो, आणि दोन वस्तू एकाच परिस्थितीत तपासल्याखेरीज मत देत नाही. म्हणून पुढे गुळगुळीत आणि मागे खडबडीत असे टायर चढवले. म्हणजे रस्ता तोच, ऊन तेच, माणूसही तोच! आठवडाभर चालवल्यावर ध्यानात आलं की दोन्ही चाकं एकाच सायकलला असल्यामुळे एकाच वेळी पोचतात. (हे मी तुमच्या बहिणीला सांगितलेलं नाही.) मग एक चाक पिशवीत घालून कामावर नेलं आणि खुर्च्यांच्या यंत्रावर चढवलं. रबराच्या वासाने साहेब धावत आले. मला वाटलं, आता गेली नोकरी. पण त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "आत पंक्चर न होणारा थर आहे का?" तेव्हापासून अख्खा विभाग मला सल्ला देतो आहे आणि कुठल्याही दोघांचं पटत नाही.

घरी विचारावं तर सोय नाही. दिवसभर ती लोकांना भिंगं बदलून विचारत असते, "हे बरं दिसतं की आधीचं?" त्यामुळे मी जिन्यातून दोन टायर वर घेऊन आलो आणि "हा की तो?" म्हणालो, की ती उठून आतल्या खोलीत जाते. परवा तर मी तोंड उघडायच्या आत गेली.

(पुन्हा जाऊन आलो. मऊच आहे बहुतेक.)

आणि आता तर कहरच झाला आहे. यंत्र सांगतं की खडबडीत टायर जड चालतो, गुळगुळीत हलका. पण रस्त्यावर मी कुठलाही लावला तरी पोचतो तुमच्या बहिणीच्या बरोबरच! सुरुवातीला ती भराभर पुढे जायची, मी मागे. आता खडबडीत लावा, गुळगुळीत लावा, मधला लावा, ती आपली माझ्या शेजारीच. मग यंत्र खोटं की रस्ता? तुम्ही त्या सायकलवर इतकी वर्षं काढलीत, तेव्हा कळकळीने विचारतो, कुठला लावू? काय ते लवकर कळवा, मला चैन नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. टायरचं राहू द्या. ही बदली नको म्हणून तुम्ही तिला समजवा ना! तुमचं ती ऐकते. मी सुचवलं हे मात्र कळता कामा नये. पत्र पेटीत टाकायला तिच्याचकडे देतो आहे. डिंक सापडला नाही, पण काळजी नसावी, ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

ता. क. दादा, दुसऱ्यांची नाहीच वाचत. नवऱ्याचं वाचलं.

बदली मी घेणार आहे. नवी शाखा उशिरा उघडते, त्यामुळे आता मीच ह्यांना आधी त्यांच्या फाटकापर्यंत सोडेन आणि मग पुलाकडे वळेन. हे सांगायला दोनदा गेले, तर दोन्ही वेळा साहेब जिन्यात. आज सांगतेच.

आणि यंत्र खरं आहे. मीच पाय आवरते. हे त्यांना कळवू नकोस, नाहीतर उद्यापासून मला तपासायला घेतील. तू फक्त एवढंच लिही की खडबडीतच बरे. पोचायला वेळ लागतो, तेवढंच जास्त बोलणं होतं.