पेंटरकाकांचे आकडे

४ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! आज आमच्या पेटीत कुणा वकिलाचं मासिक, एका बाळाच्या लसीची आठवण करून देणारं कार्ड आणि विम्याचा जाडजूड लिफाफा. आमच्या जिन्यात बाळ नाही. वकील तर नाहीच – असता तर त्याने टपालखात्यावर कधीच दावा ठोकला असता. आमचं म्हणावं असं एकही पाकीट नाही.

बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "आलं का गं?" मी म्हटलं, नाही. "येईल," म्हणाले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकी त्यांना फक्त उजेडाचा चौकोन म्हणून कळते.

त्या मोठ्या डॉक्टरणीचं पत्र यायचंय. वर्षातून एक आठवडा ती नदीपलीकडच्या इस्पितळात ऑपरेशनं करायला येते. इथल्या सगळ्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांपुढे हात टेकले. एक डोळा गेलाच आहे. दुसरा तिने मागच्या महिन्यात तपासणीच्या शिबिरात बराच वेळ तपासला आणि म्हणाली, करून पाहू. पुढच्या वर्षापर्यंत थांबलं तर करून पाहण्यासारखंही काही उरणार नाही. तारीख टपालाने कळवतील.

टपालाने! मला तिथेच घाम फुटला होता.

६ मार्च, बुधवार

नाही. वकिलाचं आणखी एक मासिक.

१० मार्च, रविवार

कॉलनीच्या हॉलमध्ये एक टेबलटेनिसचं टेबल आहे. जाळी कधीच गेली, रॅकेटी कुणी पाहिल्या नाहीत. दर रविवारी सकाळी लोक आपल्या पेटीत आलेलं दुसऱ्यांचं टपाल आणून त्यावर पसरतात आणि आपलं शोधून नेतात. मागच्या वर्षी बदली करून घेऊन बाबांजवळ राहायला आले तेव्हा वाटलं, इथे लिलाव चाललाय.

आजही तोच गोंगाट. "अरे, हे लग्न होऊन गेलं, आता आमंत्रण घेऊन काय करू?" "माझा चष्म्याचा लिफाफा कुणी बसून चेपला?" टपालवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मीही यथाशक्ती हातभार लावला. मग राहवेना म्हणून चिटणिसांनाच धरलं. गेटपाशी नवी इमारत झाली, तिला एक नंबर दिला, बाकी सगळ्यांचे नंबर एकेकाने सरकले. जिन्यापाशी पत्र्याच्या नव्या पाट्या लागल्या. आणि बाहेरच्या भिंतींवरचे माणसाएवढे जुने आकडे तसेच! आमच्या भिंतीवर चार, जिन्यात पाच. टपालवाला कधी हे बघतो, कधी ते. "जुने पुसायला काय हात दुखतात तुमचे?" म्हटलं. ते आकडे बाबांनी रंगवलेत हे मला माहीत आहे. म्हणून काय झालं? पाटी जुनी झाली की पुसून नवी करायची, बाबांनी जन्मभर तेच केलं.

हॉल एकदम गप्प. चिटणीस चष्मा पुसायला लागले. "बघू हां, सुईताई." (लॅबमध्ये रक्त काढते, म्हणून मी सुईताई.) बाकीचे सगळे टेबलावरच्या पाकिटांत तोंड खुपसून बसले. इथे खरं बोललेलं कुणाला खपतच नाही!

बाबांचं पत्र टेबलावरही नव्हतं.

१२ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

इस्पितळात फोन लागला. पत्र कधीच पाठवलंय म्हणे! तारीख सव्वीस. सोबत संमतीची चिठ्ठी आहे, डॉक्टरणीच्या सहीची. ती रुग्णाची सही होऊन वीस तारखेच्या आत परत आली नाही तर जागा पुढच्याला. मी म्हटलं, दुसरी प्रत द्या, मी येऊन नेते. तिथला कारकून म्हणतो, हातात द्यायची पद्धत नाही, पाठवू की. टपालाने.

आणि पत्ता वाचून दाखवला – इमारत चार.

पाच! आमची पाच! तपासणीच्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले होते तेवढ्यात बाबांनीच पत्ता सांगितलेला. घरी येऊन विचारलं, "बाबा, आपली इमारत कितवी?" हसले. "चार. मला विचारतेस? मी रंगवलाय तो चार."

"आणि गेटजवळची नवी?"

"नऊ. झारीबाईंनीच सांगितलं मला." (झारी घेऊन सगळ्यांच्या कुंड्यांपाशी दिसतात त्या.)

मी खाली जाऊन जिन्यातली पाटी पुन्हा वाचली. पाचच.

१३ मार्च, बुधवार

कामावर जायच्या आधी चिटणिसांच्या दारात. भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

ते आकडे बाबांचं शेवटचं काम. निम्मी नजर गेलेली असताना फळीवर उभं राहून, हाताच्या अंदाजाने काढलेले. नंबर बदलले तेव्हा रंगारी जुने आकडे पुसायला आले. बाबा खाली उभे. त्यांना वाटलं, नुसत्या भिंती रंगवणार आहेत. "पेंटरकाका रंगाऱ्याला म्हणाले, आकड्यांच्या कडेनं जरा जपून हां, आता पुन्हा काढता येणार नाहीत मला." चिटणीस सांगता सांगता थांबले. "मग सांगा, कुणाच्या तोंडून शब्द निघणार? रंगारी आकडे सोडून बाकी भिंत रंगवून गेला. काकांनी विचारलं, नव्या इमारतीला कितवा नंबर? झारीबाई पटकन म्हणाल्या, नऊ. तेव्हापासून ती नऊ."

"सगळ्यांनी मिळून ठरवलंत?"

"ठरवलं कुठे, ताई? कुणी बोललंच नाही."

त्यांच्या मुलाचं मुलाखतीचं पत्र मुलाखत होऊन गेल्यावर मिळालं होतं. त्याच टेबलावर. तरी कुणी बोललं नाही!

दिवसभर सुया टोचत होते आणि डोक्यात एकच. इतकी माणसं! भाजी आणताना, जिन्यात, गेटपाशी बाबा भेटले की इतकी वर्षं कुणाची जीभ घसरली नाही? पोरंसुद्धा 'पेंटरकाकांची बिल्डिंग' असंच म्हणतात, मला वाटायचं लाडाने म्हणतात. रोज संध्याकाळी बाबा कुणाला तरी विचारतात, "आकडे कसे दिसतात?" आणि जो तो थांबून, भिंतीकडे मान वर करून, "झकास, काका" म्हणून सांगतो. न बघता सांगितलं असतं तरी बाबांना काय कळणार होतं? पण मान वर करतात. मी पाहिलंय.

आणि या सगळ्यांच्या मायेपायी बाबांचा डोळा जायची पाळी आलीय. कुणावर चिडू?

१५ मार्च, शुक्रवार

नाही. टपालवाल्याला गेटवर गाठलं. नवा आहे. "बाई, चार म्हणजे कुठला चार?" एवढंच म्हणाला बिचारा. आज पहिल्यांदा त्याची कीव आली.

१७ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं!!

मी हॉलमध्ये गेले तर अख्खी कॉलनी आधीच हजर. चिटणिसांनी घरोघर फिरून सांगितलं होतं. लोकांनी पेट्या, कपाटं, गाद्यांखालच्या फायली उपसून सगळं टेबलावर आणून ओतलेलं. कितीतरी जणांनी कामाच्या बॅगाही उलट्या केल्या. शोध शोध शोधलं. नाही.

मग झारीबाई एकदम उठल्या. कोणी गावाला गेलं की झाडांना पाणी घालायचं काम यांच्याकडे, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या यांच्या कमरेला. "पत्र्याची चार नंबरची पाटी म्हणजे शेजारचीच बिल्डिंग. आणि तुमच्यासारखंच दुसरा मजला, डावं दार – ते बोटवाल्याचं! तो समुद्रावर आहे. यंदा कुंड्याच माझ्याकडे आणून ठेवल्यात त्याने, म्हणून मी दार उघडलंच नाही!"

पुढे झारीबाई, मागे सगळा हॉल. जिना माणसांनी भरून गेला. दार ढकललं तर उघडेना, पेटी भरल्यावर दाराखालून सरकवलेल्या टपालाचा ढीग आतून अडकलेला. बसवाल्याने (सिटी बस चालवतो) खांदा लावला. पाकिटं जमिनीवर पसरली आणि सगळे त्या दारातच गुडघ्यांवर बसले – चिटणीस, शिकवणीवाल्या बाई, माझ्याशी जिन्यात कधी न बोलणारा तो उंच माणूस. त्याच्याच हाताला लागलं. त्याने ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. नुसता इस्पितळाचा खाकी लिफाफा तो, पण मी अजून इतकी सुंदर वस्तू पाहिलेली नाही.

घरी आणलं. मी बोट ठेवलं तिथे बाबांनी सही केली. अक्षरात कुठे कंप नाही. त्यांना म्हटलं, पत्र शेजारी गेलं होतं. ते म्हणाले, "हा टपालवाला वेंधळाच दिसतोय." दारात उभ्या सगळ्यांनी माना हलवल्या. "हो ना, काका. वेंधळाच."

मी विचारलं, आता ही चिठ्ठी पोस्टात टाकू का? त्यावर जिन्यात जे हसू फुटलं! बसवाला म्हणाला, "ताई, द्या इकडे. सकाळची पहिली गाडी माझी. इस्पितळावरूनच जाते."

१८ मार्च, सोमवार

पोचली. शिक्का मारलेली पोच घेऊन बसवाला आला. इस्पितळापुढे बस उभी केली आणि प्रवाशांना म्हणाला, "जरा थांबा, टपाल आहे." कुणी कुरकुरलं नाही म्हणे. जीव भांड्यात पडला.

२६ मार्च, मंगळवार

झालं ऑपरेशन. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा मी तिच्या बोटांकडेच पाहत राहिले. बारीक, साधी, नखं कापलेली बोटं. मी इतकी वर्षं लोकांच्या शिरा शोधते, मला वाटायचं माझा हात हलका! ती म्हणाली, उद्या पट्टी काढू, तोवर काही विचारू नका. नाही विचारलं. बाकावर बसून राहिले.

२७ मार्च, बुधवार

पट्टी काढली.

बाबांची पापणी उघडली, मिटली, उघडली. डोळ्यातून पाणी गळत होतं. डॉक्टरणीने विचारलं, काय दिसतंय? बाबा तिच्या खिशातल्या पेनकडे बघत होते. म्हणाले, "निळा." मग थोडं थांबून, "नुसता नाही. थोडा हिरवा मारलाय त्यात."

डॉक्टरीण हसली आणि रडलीसुद्धा. अशा बायकाही रडतात!

त्यांनी पेल्यातलं पाणी पाहिलं. हलवून पुन्हा पाहिलं. चादरीची सुरकुती बोटाने न चाचपता डोळ्याने धरली आणि तिच्यामागे टोकापर्यंत गेले. मी श्वास रोखून त्यांच्या एका डोळ्याकडे बघत होते. तो हलत होता, थांबत होता, वस्तू निवडत होता! हे सगळे लोक रोज करतात, मीही करते, आणि कधी आश्चर्य वाटलं नाही.

शेवटी माझ्याकडे वळले. बराच वेळ पाहिलं. "केस पांढरे झाले तुझे. कुणी बोललं नाही मला."

३० मार्च, शनिवार

बाबा घरी. बसवाल्याने सुट्टी काढून टॅक्सी आणली.

मला वाटेत धाकधूक – आता पत्र्याच्या पाट्या दिसणार, सगळं कळणार. गेटमधून आत आलो आणि मी तोंडावर हातच ठेवला. एकही पाटी दिसत नव्हती! एकीवर पायपुसणं वाळत घातलेलं. एकीपुढे सायकल टांगलेली. आमच्या जिन्यात पाटीच्या बरोब्बर समोर झारीबाईंची सर्वांत उंच कुंडी. आणि नव्या इमारतीवर कागदाचा नऊ, डिंक अजून ओला! चिटणीस जिन्यात उभे राहून आभाळाकडे बघत होते. त्या क्षणी त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

बाबा काळा चष्मा लावून भिंतींपुढून सावकाश चालत गेले. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. चारपाशी सर्वांत जास्त थांबले.

"वाकडा आलाय," म्हणाले. मग वरच्या माणसांकडे एकेक करून बघत बसले. ज्यांचे नुसते आवाज ओळखत होते ते सगळे.

७ एप्रिल, रविवार

रविवारच्या टेबलापाशी यायचं म्हणून बाबा हटूनच बसले. आम्ही सगळे डोळ्यांनी एकमेकांना खुणा करतोय, तोवर त्यांनी एक पाकीट उचललंसुद्धा. नाकाशी धरून मोठ्याने वाचलं. "इमारत पाच, दुसरा मजला, डावं दार. नाव तर माझं आहे!" दुसरं उचललं. तिसरं.

मग उठून बाहेर गेले. झारीबाईंची कुंडी बाजूला सरकवल्याचा आवाज आला. परत आले ते भिंतीला धरून.

"माझ्या आकड्यांपायी? एवढी वर्षं?"

चिटणीस म्हणाले, "काका, टपालखातंच मेलं..."

"गप बसा हो तुम्ही." आणि खुर्चीत बसून त्या पसरलेल्या टपालाकडे पाहत राहिले. पाकिटामागून पाकीट. घरी कुणी जाईना. दिवसभर बाबा जेवले नाहीत. मला भीती वाटतेय, आम्ही त्यांचा डोळा परत आणून मन मोडलं की काय.

८ एप्रिल, सोमवार

जाग आली ती खालच्या गलबल्याने. खिडकीतून पाहिलं. कॉलनी सगळी भिंतीपाशी जमलेली, बसवाला आणि टपालवाला दोन्ही बाजूंनी शिडी धरून, चिटणिसांच्या हातात रंगाचा डबा, आणि शिडीवर बाबा. डॉक्टरणीने चढायला सक्त मनाई केलीय. ओरडायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

चार पुसून झालाय. पाच सुकतोय.