थडग्यातलं तरस

१२ जाने. २०२१, झूटरमेर, नेदरलँड्स
लॉकडाऊन. लायब्ररी बंद. लेकीची, मैत्रीची, शाळा बंद. लक्झरचं तिकीट दुसऱ्यांदा रद्द. आणि माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण एका धूसर फोटोवर उभं. इजिप्तमधल्या थडग्याची भिंत, वाळवंटातली शिकार. थडग्याचा मालक रथात ताठ, चेहरा कोरा. समोर बाण लागलेलं तरस कोसळतंय, तोंडातून रक्त. माझं म्हणणं, चित्रकाराने मरणारं जनावर पाहिलं होतं आणि त्याला कणव आली.
माझ्या पीएचडीच्या गाईडबाई व्हिडिओवर: "रानटी जनावरं म्हणजे अराजक. माणूस ते काबूत आणतो. कणव कुठून आणलीस?"
रक्तातून, म्हटलं.

१५ जाने.
संदेशचं अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासमधलं अख्खं ऑफिस आमच्या स्वयंपाकघरात. "अगं हळू, क्लायंट आहे!" मिक्सरसुद्धा नवऱ्याला विचारून लावायचा. वैताग नुसता.
मैत्री माझ्या स्क्रीनमध्ये डोकावली. "आई, इज दॅट डॉग डेड?"
कुत्रा नाही गं, तरस. मरतंय अजून.
"देन हेल्प इट." आणि गेली खेळायला. नऊ वर्षांची.

२१ जाने.
मोनाचा मेल. लक्झरला थडग्यांतली चित्रं साफ करते ती. पर्यटक नाहीत, म्हणून माझ्या भिंतीचे निवांत जवळून फोटो काढून पाठवले. खाली एक ओळ: "ते रक्त नव्हतं. कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. काल खरवडलं."
माशी! दोन वर्षं मी माशीच्या मातीवर...
संदेशला सांगितलं तर हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि नेमका यावर.

२२ जाने.
बाई: "प्रकरण काढून टाक. सोमवारपर्यंत कळव." बिचाऱ्या सौम्यपणे म्हणाल्या. त्याने जास्तच चिडले.

२४ जाने.
मोनाचे फोटो मोठे करकरून पाहिले. तरसाच्या मागच्या पायाच्या रंगाखाली पुसट लाल रेघ, कच्च्या रेखाटनाची. आधी पाय सरळ होता, पळणारा. मग चित्रकाराने तो बदलून मोडका काढलाय. मालकाच्या अंगावर एकही दुरुस्ती नाही.
संदेशने या वेळी नीट पाहिलं. "किंवा चुकला असेल गं."
असेल. मला तरी कुठे नक्की माहितीये?

२५ जाने.
बाईंना लिहिलं: रक्ताची चार पानं काढते. प्रकरण नाही काढत. पाय बघा.
तासाभरात उत्तर: "पाय पाहिला. उद्या दहाला बोलू. फक्त कणव हा शब्द नको."
सकाळपासून वाक्यं खोडतेय. तो शब्द टाळून त्या पायाबद्दल बोलताच येत नाहीये मला.